दूरस्थ उपस्थात्याचे मोल : तासाचा दर कसा ठरावा?

चिकित्सेच्या चतुष्पादांतील उपस्थाता हा पाद आपण सारे शिकतो, परीक्षेत लिहितो आणि दवाखाना थाटल्यावर बहुधा विसरतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी यांचे प्रत्येकी चार गुण सांगितले. उपस्थात्याच्या वाट्याला उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे गुण आले. त्याला वेतन काय द्यावे, याविषयी मात्र तो अध्याय मौन पाळतो. त्या मौनाचा लाभ आम्ही स्वतः कित्येक वर्षे घेतला, आणि तो कसा संपला हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

ज्या उपस्थात्याविषयी येथे लिहावयाचे आहे, तो रुग्णाच्या उशाशी बसत नाही. दवाखान्यातही येत नाही. आपल्या घरी संगणकासमोर बसून तो वैद्याच्या भेटीच्या वेळा ठरवतो, रुग्णांना आठवण देतो, केसपेपर टंकित करतो, बिले जुळवतो, औषधविक्रेत्याचा मुदतबाह्य मालाचा हिशोब घाऊक व्यापाऱ्याकडे पाठवतो. व्यवहारात त्याला ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात. आम्ही दूरस्थ सहायक म्हणू. एकट्याने दवाखाना चालवणारा वैद्य, एकहाती दुकान सांभाळणारा औषधविक्रेता, घरगुती शिकवण्या घेणारी योगशिक्षिका, अशांना पूर्णवेळ माणूस परवडत नाही आणि माणसावाचून चालतही नाही. त्या मधल्या जागेत हा व्यवसाय उभा राहिला आहे.

आमचे पनवेल औषधांच्या व्यापाराला नवखे नाही. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी येथेच धूतपापेश्वर कारखान्याचा पाया घातला. त्या काळी पनवेल हे खाडीकाठचे बंदर होते. १९९८ साली लोकल गाडी आली, २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि मधल्या काळात नवीन पनवेल, कामोठे, खारघर या वसाहतींत इतके दवाखाने उघडले की जुन्या वैद्यांना आता एकमेकांच्या पाट्या वाचत फिरावे लागते. या वसाहतींतील कित्येक घरांत एक शिकलेली स्त्री असते, जिने मुंबईची नोकरी लोकलच्या प्रवासापायी सोडलेली असते. आमच्या घरातही तसेच घडले.

आमच्या सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर. फोर्टमधील एका कचेरीत हिशोब पाहत असत. जाता-येता प्रत्येकी सव्वा तासाहून अधिक प्रवास. २०१९ साली मूल झाल्यावर नोकरी सुटली. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या दवाखान्याचा दूरध्वनी घरी आला आणि तो त्यांनी उचलला, तो कायमचाच. पुढे हिशोब, औषधांची मागणी, पंचकर्माच्या वेळा असे एकेक काम त्यांच्याकडे सरकत गेले. घरचेच काम, त्याचा मोबदला कसला, असे आम्हांस वाटत होते. किंबहुना तसे वाटते आहे याचीही आम्हांस जाणीव नव्हती.

२०२२ साली कामोठ्यातील एका वैद्यभगिनींनी त्यांना विचारले, “आमचेही थोडे पाहाल का?” दर काय, हा प्रश्न आला तेव्हा सूनबाईंनी जो आकडा नाकारला जाणार नाही असा वाटला तो सांगितला: महिन्याला ३,००० रुपये. अंदाज होता २० तासांच्या कामाचा, म्हणजे तासाला १५० रुपये. चौथ्या महिन्यात त्यांनी वहीत वेळ लिहावयास आरंभ केला, तेव्हा तास भरले ३४. तीन हजारांना चौतिसांनी भागले असता ८८ रुपये येतात. त्या बाईंनी फसवले होते असे मुळीच नाही. “जरा एवढे बघता का?” या पाच मिनिटांच्या विनंत्या दिवसाला सहा-सात येत, आणि कोणतीही पाच मिनिटांत होत नसे.

येथून खरा विचार सुरू झाला. रात्री जेवणानंतर त्यांनी आम्हांस कागद दाखवला. तो हिशोब जसाच्या तसा देतो, कारण दवाखान्याचे तपासणीशुल्क ठरवतानाही आपल्यापैकी किती जण असा हिशोब करतात याची शंका आहे.

हातात महिना १८,००० रुपये यावेत, ही अपेक्षा. रोज पाच तास, महिन्यात २२ दिवस बसले तर ११० तास होतात. सरळ भागाकार केला तर दर १६४ रुपये. परंतु हा भागाकार खोटा आहे. त्या ११० तासांत नवे काम मिळवण्यासाठीची बोलणी, स्वतःची बिले काढणे, नवी संगणकप्रणाली शिकणे, वीज गेली म्हणून वाट पाहणे हेही आले. त्याचे पैसे कोणी देत नाही. विकता येणारे तास ८० च. वर्षात गणपती, दिवाळी, मुलाचे आजारपण मिळून एक महिना काम होत नाही, म्हणून ८० गुणिले ११, म्हणजे ८८० तास. आता खर्चाची बाजू: इंटरनेट ७००, दवाखान्यांसाठीचा वेगळा मोबाइल ३५०, ४५,००० रुपयांचा संगणक तीन वर्षे चालेल असे धरून १,२५०, वीज व इन्व्हर्टर ५००, हिशोबाची प्रणाली व साठवणूक ७००, महिना एकूण ३,५००. वर्षाचे उत्पन्न २,१६,००० आणि खर्च ४२,०००, बेरीज २,५८,०००. भागिले ८८०, उत्तर २९३ रुपये.

१६४ आणि २९३ या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे तीन वर्षांनी संगणक मोडल्यावर नवा कोठून आणावा या प्रश्नाचे उत्तर होय. सूनबाईंनी दर ३०० ठेवला.

कामोठ्याच्या वैद्यभगिनींना तो सांगितला तेव्हा अपेक्षित प्रश्न आला: “दहा हजारांत आठ तास बसणारी मुलगी मिळते, मग तासाला तीनशे कसे?” प्रश्न अयोग्य नव्हता. पण दवाखान्यात बसणाऱ्या मुलीला आपण तिच्या बसण्याचेही पैसे देतो. जागा, पंखा, चहा, दिवाळीचा बोनस आपला. दूरस्थ सहायकाला आपण केवळ झालेल्या कामाच्या मिनिटांचे पैसे देतो आणि बाकी सारे तो स्वतः सोसतो. ज्याच्याकडे दिवसभर रुग्णांची रीघ असते, त्याने माणूसच ठेवावा. दार उघडणे, अभ्यंगाची तयारी करणे, वृद्ध रुग्णाचा हात धरणे ही कामे पनवेलहून चिपळूणला होत नाहीत. ज्याचे कागदी काम महिन्याला वीस-पंचवीस तासांचे आहे, त्याने ६,००० ते ७,५०० रुपयांचा विचार करावा. ही आमची शिफारस नव्हे, अंकगणित आहे. त्या बाईंनी दोन दिवस घेतले आणि २० तासांचा करार केला. विनंत्यांची संख्या पुढच्याच महिन्यात निम्म्यावर आली, असे वही सांगते.

आपल्या व्यवसायाला लागू पडणारी एक अडचण मात्र परक्या नमुन्यांच्या करारपत्रांत सापडत नाही. वैद्याचे काम ऋतूवर चालते. वर्षा ऋतूत बस्ती, शरदात विरेचन व रक्तमोक्षण, वसंतात वमन. त्या त्या काळी पंचकर्माच्या वेळा लावणे, पूर्वकर्माच्या सूचना रुग्णागणिक पाठवणे, संसर्जनक्रमाची आठवण देणे याचा अक्षरशः पूर येतो आणि अन्य महिन्यांत दूरध्वनी शांत असतो. दरमहा सारखेच तास ठरवले तर एका महिन्यात वैद्य हळहळतो, दुसऱ्यात सहायक. सूनबाईंनी यावर तोड काढली ती अशी: न वापरलेले तास पुढील एका महिन्यापर्यंत चालतील, त्यापुढे बुडतील, ठरल्याहून अधिक काम आधी विचारूनच होईल आणि त्याचा दर सव्वापट राहील. बुडण्याची अट आम्हांस प्रथम कठोर वाटली. पण सहायकाने ते तास आपल्यासाठी राखून ठेवले आणि दुसऱ्यास नकार दिला, हे लक्षात घेतले म्हणजे ती अट समजते. पंचकर्माची वेळ घेऊन न येणाऱ्या रुग्णाविषयी आपण काय बोलतो ते आठवावे.

सव्वापटीची कसोटी सप्टेंबर २०२५ मध्ये लागली. त्या महिन्याच्या २२ तारखेपासून आयुर्वेदीय औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. औषधविक्रेत्या वाचकांना ते दिवस सांगावयास नकोत. कर्जतच्या एका विक्रेत्याकडे फडताळावरील प्रत्येक मालाची किंमतसूची नव्याने करावयाची होती. सतरा तास अधिक लागले. त्यांनी आधी मान्यता दिली होती, बिल ६,३७५ रुपयांचे झाले, आणि त्यांनी ते कुरकुर न करता चुकते केले. करारात ते वाक्य नसते तर कुरकुर झाली असती, आणि ती दोन्हीकडून.

कराचा विषय निघालाच आहे तर दोन ओळी. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्यास या कराची नोंदणी आवश्यक नाही. घरून काम करणारी एकटी सहायिका त्या मर्यादेपासून फार दूर असते. मोठ्या संस्थेकडून हीच सेवा घेतल्यास बिलावर १८ टक्के चढतात. नोंदणीकृत वैद्याची चिकित्सासेवा करमुक्त असल्यामुळे वैद्यास त्यांची वजावट मिळत नाही. दर तुलना करताना हे ध्यानात असू द्यावे.

काही वैद्यबंधू सुचवतात की तासांची कटकट कशाला. नवा रुग्ण आला की अमुक टक्के द्यावेत. सूनबाईंनी असा एक प्रस्ताव नाकारला आणि आम्हांस त्यांचा अभिमान वाटला. रुग्ण मिळवून देण्याबद्दल दलाली देणे-घेणे आपल्या आचारसंहितेत निषिद्ध आहे. संगणकावरून दिली म्हणून ती शुद्ध होत नाही. शिवाय टक्केवारीवर पोसलेला सहायक रुग्णास काय काय आश्वासने देईल, याची कल्पना करावी. जाहिरातीचा मजकूर लिहिण्याचे काम आले की त्या प्रथम १९५४ चा औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा पुढे ठेवतात. मधुमेह, कर्करोग, स्थौल्य बरे करू असे लिहून मागणाऱ्यास त्या नकार देतात. हे ज्ञान असणाऱ्या सहायकाचा दर ते नसणाऱ्याहून अधिक असणारच. येथे चरकोक्त उपचारज्ञता हा गुण थेट रुपयांत मोजता येतो.

शौचही मोजता येते. सहायकाच्या संगणकात आपल्या रुग्णांची नावे, दूरध्वनी क्रमांक, व्याधी असतात. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसृत झाले. पण कायद्याच्या आधीही वैद्याची जीभ बांधलेलीच होती. वेगळा मोबाइल, वेगळे सांकेतिक शब्द, काम संपल्यावर माहिती पुसून तसे लेखी कळवणे, या सवयी फुकट येत नाहीत. स्वस्त सहायक शोधणाऱ्याने तो काय काय गाळून स्वस्त झाला, हे आधी विचारावे.

आणखी एक प्रसंग, ज्यात आमचे व सूनबाईंचे एकमत झाले नाही. न्यू जर्सीत आयुर्वेदीय आहारसल्ला देणाऱ्या एका मराठी बाईंचे काम त्यांच्याकडे आले. तिला त्यांनी दर सांगितला दुप्पट, ६०० रुपये. आम्ही म्हटले, “काम तेच, मग माणूस पाहून दर का?” रुग्णाची ऐपत पाहून शुल्क वाढवणाऱ्या वैद्याविषयी आमचे मत कधीच चांगले नव्हते. त्यांचे उत्तर असे: “बाबा, तिकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. तो तास माझा नसतो, घराचा असतो.” रात्रीच्या तासाचा दर वेगळा हे आम्हांस पटले, आपणही रात्री दार ठोठावणाऱ्याकडून अधिक घेतो. पण केवळ रात्रीसाठी दुप्पट हे अजूनही पटलेले नाही. “तिथे याच कामाला काय पडते ते त्यांना ठाऊक आहे,” असे त्या म्हणतात. वाचकांनी आपापले मत करावे.

सारेच सुरळीत झाले असे नाही. एका पंचकर्म केंद्राने तीन महिने काम करून घेतले, प्रत्येक वेळी पुढच्या आठवड्याचा वायदा केला, आणि मग दूरध्वनी उचलणे थांबवले. १८,००० रुपये बुडाले; सूनबाईंच्या हिशोबातला बरोबर एक महिना. त्या केंद्राच्या चालकांची व आमची ओळख होती, किंबहुना काम आमच्याच शब्दावर मिळाले होते. आम्ही दोनदा जाऊन आलो, चहा पिऊन परतलो. तेव्हापासून नियम झाला: शुल्क महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आगाऊ, अन्यथा सहाव्या तारखेस काम बंद. ओळखीच्यांनाही, आणि ओळखीच्यांना विशेषतः.

हा नियम लिहून झाल्यावर त्यांनी आमच्यापुढे दुसरा कागद ठेवला. त्यावर आमच्या दवाखान्याचे तास होते, सहा महिन्यांचे, तारीखवार. सरासरी महिना २६. खाली दर लिहिला नव्हता. तो आम्हांस पाठच होता. २६ गुणिले ३००, म्हणजे ७,८००.

आमची पहिली प्रतिक्रिया येथे लिहिण्याजोगी नाही. दुसरी प्रतिक्रिया अशी की आमच्या दवाखान्याला हे परवडत नाही. आणि ते खरेही होते, कारण आमचे तपासणीशुल्क २०१४ पासून १०० रुपयेच होते. विकणाऱ्याने सोन्याची रास सोडून धुळीची रास पत्करली, अशा आशयाचे चिकित्सास्थानातील वचन आम्ही शुल्काचा विषय निघाला की तत्परतेने सांगत आलो. ते वचन वैद्याने रुग्णाशी कसे वागावे याविषयीचे आहे. त्याच्या आधारे उपस्थात्याचे वेतन बुडवावे असे त्यात कोठेही नाही. आम्ही रुग्णांकडून कमी घेत होतो हे खरे. पण त्या औदार्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या तासांतून भागत होती. सौ.नी तेवढ्यात स्वयंपाकघरातून विचारले, “आणि माझे तास?” त्यावर अद्याप चर्चा चालू आहे.

शेवटी ठरले ते असे. महिन्याच्या २६ तासांतील आठ आमच्याच अव्यवस्थेचे निघाले: केसपेपरवरील न लागणारे अक्षर, औषधांची मागणी एकदम न देता आठवणीप्रमाणे चारदा देणे, बिलाविना दिलेल्या पुड्या. ते सुधारले तर १८ तास पुरतात. १८ तासांचे ५,४०० रुपये दरमहा द्यावयाचे. तपासणीशुल्क १ जानेवारीपासून १५० केले, आणि ज्यांना ते देणे जड जाते त्यांची नावे आम्ही स्वतः वहीत लिहितो. त्यांच्याकडून पूर्वी घेत होतो त्याहूनही कमी घेतो. महिन्याला सरासरी २६० रुग्णांपैकी सत्तरएक त्या वहीत आहेत. उरलेल्यांपैकी एका गृहस्थांनी वाढीबद्दल विचारले. बाकी कोणी शब्द काढला नाही, याचे आम्हांस थोडे वाईटच वाटले. इतकी वर्षे आम्ही कोणाच्या भीतीने थांबलो होतो कोण जाणे.

आठ तास कमी करण्याचे वचन आम्ही अद्याप पुरते पाळलेले नाही. फेब्रुवारीत २१ तास झाले, तीन तासांचे सव्वापटीने १,१२५ रुपये अधिक द्यावे लागले. प्रस्तुत लेखाचे टंकलेखन मार्चच्या हिशोबात धरले आहे. अक्षर आमचेच असल्याने त्याला तीन तास दहा मिनिटे लागली.

सूनबाई ज्या करारपत्रावर काम करतात ते दीड पानांचे आहे. कामांची यादी, न करावयाच्या कामांची यादी (त्यात ‘रुग्णास औषध सुचवणे’ प्रथम), तास, दर, आगाऊ शुल्क, गोपनीयता, आणि एक महिन्याची पूर्वसूचना देऊन कोणत्याही बाजूने थांबण्याची मुभा, इतकेच त्यात आहे. पहिला महिना प्रायोगिक असतो, पण फुकट नसतो. दरवर्षी १ एप्रिलला दराचा पुनर्विचार होतो. त्याचा नमुना संपादकांकडे दिला असून जागा मिळाल्यास तो पुढील अंकात छापला जाईल.